नावतोडे हे आमचं नांव

शके १८५८, कार्तिक व. ७

काशिकाका आला होता, कडगंचीहून. अप्पांचा चुलतभाऊ. बैलगाडीत गादी घालून आला आणि ओसरीवर बसला तो असा, की घर त्याचंच. अव्वानं गव्हाची गोड हुग्गी केली. पान खाऊन झाल्यावर मुद्द्यावर आला.

त्याचा धाकटा, बसवराज, अप्पांना दत्तक द्यायला तयार आहे. अव्वाच्या हातातला तांब्या तसाच अधांतरी राहिला. इतकी वर्षं ती कुणाच्या तरी तोंडून एवढंच ऐकायला बसली होती.

मग काका म्हणाला, "एकच गोष्ट हाय मल्लण्णा. नांव बदलायचं. आम्ही कडगंचे लावायलोत, तुमीबी तेच लावा. नावतोडे म्हणलं की लोक पोरगी देईनात. सगळ्या मोगलाईत त्या नांवाचं तुमचं एकच घर उरलंय, तेबी उद्या बुडंल."

अप्पांच्या आधी मीच बोलले. "पोरगं देऊन नांव न्यायलात काय काका?"

"तू मधी बोलू नगंस. तू परक्या घरची."

परक्या घरची! आळंदच्या घरानं मूल होईना म्हणून दुसरी केली आणि मला माहेरी आणून सोडलं. उंबऱ्यात सासू म्हणाली होती, नावतोड्यांची पोर, आमचं नांव तोडायलाच आली. म्हणजे तिथं मी नावतोड्यांची आणि इथं आळंदची.

तर इथं लिहून ठेवते. महादेवी मल्लप्पा नावतोडे. कुणाला खोडायचं असेल त्यानं यावं.

कार्तिक व. ९

पाणवठ्यावर पाटलीणबाई पुन्हा तेच. आमच्या कुण्या पूर्वजानं दारूच्या नशेत गावची नाव कुऱ्हाडीनं फोडली, घाट मोडला, बाजार अफजलपूरला गेला. "तुमच्यापायी गं. न्हाईतर आज आपल्या गावाला पेठ असती."

म्हटलं, "पेठ असती तरी पाटलीणबाई, तुमी हितंच घागर घासत असता."

हसल्या सगळ्या. एकटी पाटलीणबाई सोडून.

पण घरी येईपर्यंत माझं हसू गेलं. आम्ही लिंगवंत. दारू कुठून आली? अप्पांना विचारलं. विळ्याला धार लावत होते. म्हणाले, "माजे अप्पा म्हणायचे, लुटारू येत होते म्हणून तोडली. त्याच्या पल्याड मला ठाऊक न्हाई."

"तुमी कधी विचारलं न्हाई?"

"लाज वाटायची, बाळ."

अप्पांना! दोन बैलांच्या मधे घुसून भांडण सोडवणारा माणूस हा.

अक्कलकोटला मामाकडं मराठी शाळेत होते तेव्हा मास्तरांनी शिकवलं होतं, नाव म्हणजे होडी, नांव म्हणजे आपलं. मधे एक टिंब. कागदावर फरक दिसतो. पाणवठ्यावर टिंब कोण बोलतंय? तिथं आम्ही नांव तोडणारेच.

कार्तिक व. १३

अव्वा माझ्याशी बोलत नाही. बसवराजासाठी टोपरं शिवायला घेतलंय. पोरगा अकरा वर्षांचा आहे, टोपरं कशाला लागेल त्याला. 

रात्री भाकरी थापताना स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माती द्यायला कोण तरी पाहिजे का न्हाई. नांवाचं काय घेऊन बसलीयस. नांव काय माती देतंय?"

खरंच आहे तिचं. तिच्या जागी मी असते तर मी पण टोपरं शिवलं असतं. तरी नाही.

मार्गशीर्ष अमावस्या, येळवस

शेतात. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, अंबील. ज्वारी यंदा कमरेच्या वर. जंगमस्वामी जेवायला आले होते. दर साली गावोगाव फिरतात, घराघराची खबर त्यांच्याकडं असते. मी अंबील वाढता वाढता विचारलं, "स्वामी, नावतोडे नांवाचं दुसरं घर कुठं बगितलंत काय?"

घोट घेता घेता थांबले. "हाय की. भीमेच्या पल्याड, विजापूरकडच्या अंगाला."

अप्पांनी मान वर केली. "आमच्यातलं?"

स्वामींनी मिशीवरचं अंबील पुसलं. "ते तुमी जाऊनच बगा."

अव्वा म्हणाली, "काय नड हाय जायची? पोरगं घरात येऊ द्या, मग कुठं जायचं तिकडं जावा."

मी अप्पांच्या तोंडाकडं बघत राहिले. घास हातातच होता त्यांच्या.

पौष शु. ५

अप्पा उद्या जायचं म्हणाले. स्वतःहून. "म्हादेवी, तूबी चल. तुला लिहिता येतंय, मला ऐकलेलं ध्यानात राहत न्हाई."

अव्वानं भाकऱ्या बांधून दिल्या नाहीत. मीच बांधल्या.

पौष शु. ६

फार लिहायचंय. क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं एकदम येईल.

घाटावर कातडी मढवलेल्या गोल टोपलीतून पाणी ओलांडायचं. त्याच्या आधी करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. शिपायानं आमचं गाठोडं उघडून भाकऱ्या बघितल्या. "नाम?" अप्पांनी सांगितलं. तो खो खो हसायला लागला. "नाव तोडे? किसकी नाव तोडे, चचा?"

वाटलं अप्पा खाली बघतील. नेहमी बघतात. आज म्हणाले, "अपनीच."

शिपायाचं हसणं तिथंच राहिलं. जा म्हणाला.

पलीकडं इंग्रजी मुलूख. माती तीच, बाभळी त्याच. विचारत विचारत गेलो. लोकांनी नदीकाठच्या वस्तीकडं बोट दाखवलं. दारात जाळी वाळत घातलेली, वास मासळीचा. अप्पा थबकले.

"म्हादेवी, कोळ्याचं घर हाय हे."

"व्हय अप्पा. पण नांव आपलंच हाय."

आतून म्हातारी आली. सिद्धव्वा. वाळक्या लाकडासारखी, पण आवाज खणखणीत. कोण म्हणून विचारलं. अप्पांनी नांव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं आम्हा दोघांना खालून वर बघितलं आणि म्हणाली, "कुऱ्हाडवाले काय तुमी?"

 आम्हाला या घराचा पत्ता नव्हता आणि या घरात आमचं नांव पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. कुऱ्हाडवाले.

तिनं घोंगडं टाकलं, बसवलं आणि सांगितलं. जसं आठवतंय तसं लिहिते.

लुटारू त्यांच्या काठाला उतरले होते. नाव त्याच काठाला, नावाडी तिच्या सासरचा पूर्वज, यल्लप्पा. त्याला म्हणाले, सांज झाली की आम्हाला पार कर. पार म्हणजे आमच्या गावात. आमच्या गावचा गुरप्पा, अप्पांचा पूर्वज, बाजार करून परत निघाला होता. यल्लप्पानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं. दोघांनी मिळून नावेचा तळ फोडला.

"कोळ्याकडं वल्हं असतंय," सिद्धव्वा म्हणाली, "कुऱ्हाड कुठली? कुऱ्हाड तुमच्या गुरप्पाच्या गाडीत होती. यल्लप्पाला पोटच्या पोरावानी नाव. आधी त्यानंच हाणली म्हणं."

गुरप्पा पोहत आला. यल्लप्पा आला नाही. तो नावेपाशीच उभा राहिला. त्याला वाळूतच मारलं.

गाव वाचलं. पण काही साल गेली आणि लोकांच्या ध्यानात राहिलं ते एवढंच, की घाट मोडला. मोडलेलं दिसतं, वाचलेलं कुणाला दिसतंय! गुरप्पाला नावतोड्या म्हणायला लागले. इकडं यल्लप्पाच्या घरालाही तेच नांव पडलं होतं. स्वतःची नाव फोडणारा कोळी, त्याच्या पोरांच्या नावेत कोण बसणार?

"तुमचा गुरप्पा सालोसाल यायचा. यल्लप्पाच्या पोरांस्नी ज्वारी घालायचा. गाववाले चिडवायला लागले तर म्हणला म्हणं, व्हय, माजंबी तेच नांव. हितून पुढं तेच सांगा. त्यानं ते नांव मागून घेतलंय बगा. आमाला पडलं, त्यानं घेतलं."

अप्पा डोक्याचा पटका काढून हातात धरून बसले होते. कधी काढला मला कळलं नाही.

मी विचारलं, आणखी कुणी आहेत का या नांवाचे? एक पोरगा सोलापूरला गिरणीत, तिथल्या मुकादमानं त्याचं नुसतं तोडे केलं. एक दीर गाणगापूरच्या अंगाला, तो मासे धरतो आणि पुरं नांव सांगतो. "झालं. पोरी गेल्या त्या गेल्या. पोरींचं कोण मोजतंय?"

"मोजा की," मी म्हटलं.

ती मग सुरू झाली. ही इंडीला दिली, तिच्या तीन. ती चडचणला, तिची थोरली आता आजी झाली. एकीचं नांव घेतलं की दुसरी आठवायची. सुनेला हाका मारून विचारायची. ऊन उतरलं तरी संपेना. एकच घर उरलंय म्हणे!

निघताना तिनं गूळ आणि पाणी आणलं आणि आणून उंबऱ्याच्या आतच थांबली. द्यावं की न द्यावं. मी हात पुढं केला आणि प्याले. अप्पांनी एकदा गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले. मग गूळ तोंडात टाकला आणि तांब्या रिकामा केला.

परत येताना टोपलीत म्हणाले, "आपल्या शरणसंतांच्या मेळ्यात नावाडीबी होता, म्हादेवी. आपण त्याची वचनं नुसती गात आलोत."

पौष शु. १०

गावभर झालंय. टोपलीवाल्यानंच सांगितलं असणार. पाणवठ्यावर बायका माझ्या घागरीपासून आपल्या घागरी दूर सरकवतात. मी माझी मधोमध ठेवते.

अव्वा दोन दिवस जेवली नाही. मी सगळी गोष्ट सांगितली तिला. भिंतीकडं तोंड करून ऐकली. शेवटी एवढंच विचारलं, "यल्लप्पाला पोरं किती होती?"

मला माहीत नव्हतं. विचारायला पाहिजे होतं.

पौष व. ४

काशिकाका तडक आला. गादी नाही, काही नाही. ओसरीवर बसलासुद्धा नाही.

"कोळ्याचं पाणी पिऊन आलात! म्हणूनच, म्हणूनच मी ते नांव टाकलं."

अप्पा म्हणाले, "म्हणजे तुला ठाऊक होतं."

निघालंच मग काकाच्या तोंडून. होतं त्याला ठाऊक. त्याच्या बापानं मरताना सांगितलं होतं म्हणे, त्या घराला विसरू नकोस म्हणून. आणि यानं पहिलं काम काय केलं, तर नांव बदललं. पोरींची सोयरीक अडेल ही सबब. खरी भीती ही, की कुणी म्हणेल तुम्ही कोळ्यांचे.

"काशी, तो माणूस आपल्या गावापायी मेला."

"मेला असंल. म्हणून त्याचं नांव मी पोरांच्या डोक्यावर कामून ठेवू?"

"मग आणि कुणाच्या डोक्यावर ठेवायचं?" मी म्हटलं.

काका अव्वाकडं वळला. "वैनी, तुमी सांगा. पोरगं पाहिजे का न्हाई? वंशावळ म्हणायला हेळवा यायच्या आत काय ते कळवा. यंदा त्याच्या तोंडून कडगंचे म्हणूनच निघालं पाहिजे, तुमच्या दारात. मग दत्तकाचं बघू."

अव्वा आत निघून गेली. टोपरं अजून खुंटीला आहे.

माघ शु. ११

ज्वारी पिवळी पडायलीय. हुरडा संपला. अप्पा खळं सारवायच्या नादात. कुणीच तो विषय काढत नाही. मी अव्वाला दोनदा विचारलं, तुझ्या मनात काय आहे. म्हणाली, "माज्या मनात काय हाय ते आजपातूर कुणी विचारलं न्हाई. आता सवय न्हाई सांगायची."

माघ व. ८

आज हेळवा आला.

पहाटेच घंटा ऐकू आली. बैलावर मांडी घालून, अंगाभोवती घोंगडी, मागं त्याचं बिऱ्हाड. पिढीतून एकदाच येतो, दारात उभा राहतो आणि घराची वंशावळ म्हणतो. मूळ पुरुष कोण, कुठून आला, कुणाचा कोण. त्याच्या बापानं अप्पांच्या बापाची म्हटलेली. सगळी गल्ली ऐकायला जमते. आज अर्धं गाव. काशिकाका त्याच्या आधीच येऊन पाटलांच्या शेजारी उभा.

हेळव्यानं सूर धरला. मूळ गाव, मूळ पुरुष, त्याचा पुत्र, त्याचा पुत्र. गुरप्पा आला. आणि तिथं तो म्हणाला, "गुरप्पा कडगंचे."

अप्पा ओसरीवरून उतरले. सावकाश. बैलाच्या तोंडापुढं जाऊन उभे राहिले.

"तुज्या बापानं काय म्हणलं होतं हितं?"

हेळवा खाली बघायला लागला. "धनी, कडगंचीच्या धन्यांनी गोऱ्हा दिलाय."

"गोऱ्हा तुजा तुला लखलाभ. मी त्याच्याहून जास्त काय देणार न्हाई. तुज्या बापानं काय म्हणलं होतं, तेवढं सांग."

 हेळव्यानं घंटा एकदा हलवली.

"गुरप्पा नावतोडे. ज्यानं कुऱ्हाड घेतली, नाव तोडली, गाव राखलं."

गाव राखलं! आमच्या दारात, पाटलांसमोर. मी पाटलीणबाईंकडं बघितलं. त्या पदर सारखा करत होत्या.

अप्पा म्हणाले, "कुऱ्हाड म्हणलास तिथं वल्हं पण म्हण. यल्लप्पा कोळ्याचं नांव घाल."

"धनी, कोळ्याचं नांव तुमच्या वंशात कसं घालू?"

"वंशात नगं घालूस. गोष्टीत घाल. तो तिथं होता, का न्हवता?"

काशिकाका ओरडला, "मल्लण्णा, बास! पोरगं इसरा आता!"

हेळव्यानं काकाकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं. यल्लप्पाचं नांव घेतलं. आवाज बारीक झाला त्याचा, पण घेतलं. मग पुढं, पुत्र, पुत्र, पुत्र, मल्लप्पापर्यंत आला. आणि मल्लप्पापाशी थांबून त्यानं घंटा खाली ठेवली. निपुत्रिकापाशी असंच थांबतात.

तेव्हा आमच्या दारातून अव्वा बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात सुपात ज्वारी. एवढ्या पुरुषांसमोर मी तिला कधी बोलताना बघितलं नाही.

"पुढं म्हण की."

"पुढं काय म्हणू, अव्वा?"

"मी एक लेकरू जन्माला घातलंय. हे काय उभं हाय. त्याचं नांव म्हण."

हेळवा चाचरला. पोरीचं नांव सासरच्या हेळव्याकडं असतं, इकडं कुणी घेत नाही, आजवर कुणी मागितलं नाही.

"सासरनं टाकलंय तिला. तिकडच्यानं घ्यायचं न्हाई, तू घ्यायचं न्हाई. मग माजं लेकरू काय वाऱ्यावर झालंय व्हय?"

हेळव्यानं अप्पांकडं बघितलं. अप्पा म्हणाले, "घरधनीण सांगायलीय."

तो बराच वेळ बैलाच्या वशिंडावर हात फिरवत बसला. मग म्हणाला. एकदाच, घंटा न वाजवता. मल्लप्पाची पुत्री महादेवी.

अव्वानं सूप त्याच्या झोळीत पालथं केलं आणि आत निघून गेली.

मला रडू आलं नाही. इथं लिहिताना येतंय.

माघ व. १०

हेळवा पुढच्या गावाला गेला. जाताना मी गाठलं त्याला. पुढच्या खेपेला म्हणशील काय? म्हणाला, "अक्का, पुढच्या खेपेला मी असंन का माजं पोरगं, कुणाला ठाऊक." आणि हसला. हो म्हणाला नाही. नाहीपण म्हणाला नाही.

फाल्गुन शु. ४

काशिकाकानं भावकी तोडली. निरोप पाठवला की कलबुर्ग्याला वकिलाला भेटून आलोय, निपुत्रिक चुलतभावाची जमीन वारसानं कुणाला जाते ते सगळं विचारून आलोय. अप्पांना धसका बसलाय, दाखवत नाहीत. नदीकाठच्या शेताच्या बांधावर दोन तास बसून होते.

"जाईल काय हो अप्पा शेत?"

"जाईलबी. मी हाय तवर कसतो."

अव्वानं खुंटीवरचं टोपरं काढलं. फेकलं नाही. धुऊन घडी करून ठेवलंय. विचारायची हिंमत झाली नाही. तिचं काय गेलं ते तिलाच ठाऊक. मी तिला ते भरून देऊ शकत नाही, कुणी वंशावळीत कितीही वेळा नांव घेतलं तरी.

फाल्गुन शु. १३

पैलतीराहून निरोप आला. सिद्धव्वाच्या नातीचं लग्न, पंचमीला. "कुऱ्हाडवाल्यांनी यावं" असा निरोप, तोंडी. निरोप्याला अप्पांनी ओसरीवर बसवून पाणी दिलं. समोरून पाटील जात होते. अप्पांनी आवाज चढवून विचारलं, "आणखी देऊ काय?"

फाल्गुन व. ५

सकाळ. बैल जुंपलेत. घाटापर्यंत गाडी.

काल पाटलांचा माणूस येऊन सांगून गेला. कोळ्याच्या लग्नात जेवून आलात तर पाणवठा बंद. स्वामींनाही विचारलंय म्हणे. स्वामी काय म्हणाले ते सांगितलं नाही.

अव्वा पहाटेपासून चुलीपाशी. कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी.  आत्ता आत गेले तर पेटीतलं इरकली लुगडं नेसून उभी. त्या नवरीसाठी खण बाजूला काढलेला. मी नुसती बघत राहिले, तर म्हणाली, "यल्लप्पाला पोरं किती होती ते मीच विचारते. तुमी दोघं इसरता."

अप्पा बाहेरून हाका मारतायत. परत आल्यावर पाणी कुठून भरायचं, ते परत आल्यावर बघू.